काँक्रीटचा वर्ग बंद करू नका : तंत्रशिक्षण संस्थेच्या विश्वस्तांना खुले पत्र

प्रति,
माननीय अध्यक्ष व सर्व विश्वस्त,
तंत्रशिक्षण संस्था, कोल्हापूर.

विषय : बांधकाम कामगारांसाठीचा काँक्रीट वर्ग बंद करण्याचा आणि साहित्य चाचणी प्रयोगशाळा खासगी एजन्सीकडे सोपवण्याचा निर्णय मागे घेण्याबाबत.

महोदय,

बांधकाम कामगार, मिस्त्री आणि साइट सुपरवायझर यांच्यासाठी आपली संस्था चालवत असलेला 'काँक्रीट : साहित्य, मिश्रण आणि चाचणी' हा वर्ग येत्या शैक्षणिक वर्षापासून बंद होत असल्याचे, आणि ज्या प्रयोगशाळेत तो भरत असे ती एका खासगी एजन्सीला चालवायला देण्यात येत असल्याचे परिपत्रक गेल्या महिन्यात आपल्या सूचना फलकावर लागले. त्यात तीन कारणे दिली आहेत. प्रवेश कमी झाले आहेत. शहरात आता प्लँटवरचे तयार काँक्रीट मिळू लागले आहे. आणि काँक्रीटच्या गुणवत्तेची जबाबदारी अभियंत्यांची असल्यामुळे कामगारांसाठी वेगळ्या वर्गाची आवश्यकता उरलेली नाही. ही तिन्ही कारणे मला पटलेली नाहीत आणि हा निर्णय मुकाट्याने स्वीकारणे मला शक्य नाही. पत्र खुले ठेवण्याचे कारण असे की या निर्णयाचा परिणाम संस्थेच्या आवारापुरता राहणार नाही. कोल्हापुरात घर बांधणाऱ्या, फ्लॅट घेणाऱ्या आणि शाळेच्या इमारतीत आपले मूल पाठवणाऱ्या प्रत्येकाचा त्याच्याशी संबंध आहे. संस्थेचे नाव मी येथे लिहिलेले नाही, कारण तिची बदनामी व्हावी अशी माझी इच्छा नाही. माझ्या मनात तिच्याविषयी कृतज्ञताच आहे.

मी या वर्गाची माजी विद्यार्थिनी आहे. माझे आईवडील बांधकामावर बिगारी होते, मीही घमेली वाहत मोठी झाले, आणि आज मी कोल्हापुरात साइट सुपरवायझर म्हणून काम करते ते या वर्गामुळे. माझ्याकडे पदवी नाही. सिमेंटच्या पोत्यावर कोणत्या आठवड्यात, कोणत्या वर्षी ते भरले हे छापलेले असते आणि ते वाचल्याशिवाय पोते फोडायचे नसते, इथपासून ते यंत्रावर दाबून फोडलेल्या काँक्रीटच्या ठोकळ्याच्या आकारावरून चाचणी नीट झाली की नाही हे ओळखण्यापर्यंत सर्व काही मला याच प्रयोगशाळेत, मराठीत, हाताने करून शिकवले गेले. माझ्यासोबत शिकलेले कित्येक गवंडी आणि मिक्सर चालवणारे आज जिल्ह्यात ठिकठिकाणी काम करत आहेत.

माझे मुख्य म्हणणे आधी सांगते. काँक्रीट चांगले होईल की वाईट, हे नकाशावर नव्हे तर मिक्सरजवळ ठरते, आणि तेथे पाणी ओतणारा माणूस हा या सर्व साखळीत असा एकमेव माणूस आहे ज्याला कोणीही काही शिकवलेले नसते. आर्किटेक्ट शिकलेला असतो, आरसीसी डिझाइन करणारा अभियंता शिकलेला असतो, सिमेंटच्या कारखान्यात तर प्रत्येक टप्प्यावर तपासणी असते. मग हे सर्व ज्ञान एका बादलीच्या हवाली केले जाते.

आकड्यांत सांगायचे तर असे आहे. आय. एस. ४५६ या आपल्या देशाच्या मानकाप्रमाणे सळई घातलेल्या काँक्रीटसाठी कमीत कमी एम-२० हा दर्जा (२८ दिवसांनी दर चौरस मिलिमीटरला २० न्यूटन भार सोसणारे काँक्रीट) लागतो, आणि सौम्य हवामानातसुद्धा पाण्याचे वजन सिमेंटच्या वजनाच्या ०.५५ पटीपेक्षा जास्त असता कामा नये. म्हणजे ५० किलोच्या एका पोत्याला साडेसत्तावीस लिटर पाणी, आणि त्यात वाळूत आधीच असलेले पाणीही धरायचे. आता स्लॅबच्या दिवशी काय होते ते पाहा. सेंट्रिंगवर माल पसरवणारा ओरडतो, 'माल सैल कर', आणि मिक्सरवरचा माणूस फेऱ्यात आणखी अर्धी बादली ओततो. एका पोत्यामागे साडेपाच लिटर पाणी जास्त गेले की ०.५५ चे ०.६६ होते. तेवढ्याने काँक्रीटची ताकद पाचव्या हिश्श्याने किंवा त्याहूनही अधिक घटू शकते, आणि हे नुकसान नंतर कितीही सिमेंटचा गिलावा करून भरून निघत नाही. पाण्याचे प्रमाण वाढले की ताकद घटते, हा नियम डफ अब्राम्स या संशोधकाने १९१८ मध्ये मांडला. शंभर वर्षांहून अधिक काळ लोटला, तरी तो मिक्सरपर्यंत पोहोचलेला नाही, आणि तो तिथे पोहोचवणारा मला माहीत असलेला आपल्या शहरातील एकमेव वर्ग आपण बंद करत आहात.

हा नियम सांगून पटत नाही, तो दाखवावा लागतो, आणि आपल्या वर्गात तो कसा दाखवला जात असे हे विश्वस्तांपैकी किती जणांनी पाहिले आहे याची मला कल्पना नाही, म्हणून थोडे सविस्तर लिहिते. आमचे सर एकाच वेळी कालवलेल्या मालाचे दोन भाग करत. पहिल्या भागाने स्लंप कोन भरला जाई. हा पत्र्याचा कोन ३०० मिलिमीटर उंच, बुडाशी २०० आणि तोंडाशी १०० मिलिमीटर रुंद असतो. तो थराथराने भरून प्रत्येक थराला १६ मिलिमीटर जाडीच्या गजाने २५ ठोके द्यायचे, वरचे तोंड सपाट करायचे आणि कोन सरळ वर उचलायचा. माल किती खाली बसला, म्हणजे त्याचा स्लंप किती, ते पट्टीने मोजायचे. मग सर दुसऱ्या भागात आणखी पाणी ओतत. या वेळी कोन उचलताच माल पत्र्यावर पसरून जाई, कडेने सिमेंटचे पाणी वाहू लागे आणि मध्ये खडी उघडी पडे. सर वर्गाला विचारत, 'साइटवर तुम्हाला यातला कोणता माल चांगला वाटतो?' बहुतेक हात दुसऱ्याकडे जात, कारण तो ओढायला हलका असतो आणि मजुराचे खांदे वाचवतो. त्यानंतर दोन्ही मालांचे ठोकळे भरले जात, पाण्याच्या टाकीत ठेवले जात, आणि २८ दिवसांनी आम्हा सर्वांसमोर फोडले जात. दुसऱ्या मालाच्या ठोकळ्यावर यंत्राचा काटा पहिल्याच्या बराच अलीकडे थांबे. आमच्या वर्गात एक वयस्कर मिस्त्री होते, आयुष्यभर स्लॅब ओतलेले. त्यांनी हा प्रयोग पुन्हा करून दाखवण्याची विनंती केली आणि दुसऱ्या वेळी मिक्सरला पाणी स्वतः मोजून घातले. पुस्तक वाचून हे होत नाही. भाषणानेही होत नाही.

शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्रींमध्ये साच्याच्या वाळूतला ओलावा रोज तपासला जातो, कारण ओल जास्त झाली तर कास्टिंग बिघडते हे तिथल्या साध्या कामगारालाही माहीत आहे. ज्या कोल्हापूरने वाळूतल्या पाण्याचा हिशेब ठेवत आपला उद्योग उभा केला, त्याच कोल्हापूरच्या इमारतींवर वाळूतले पाणी कोणी मोजत नाही, याचे मला मनापासून दुःख वाटते. एम-२० च्या ठरावीक प्रमाणात एका पोत्यामागे साधारण ८० ते ८५ किलो वाळू लागते. तिच्यात पाच टक्के ओल असली तर चार लिटर पाणी मिक्सरमध्ये न मोजता गेले. शिवाय ओली वाळू फुगते. पाच टक्क्यांच्या आसपास ओल असताना तिचे आकारमान पाव हिश्श्यापर्यंत वाढू शकते, म्हणजे फर्मा (मापाची पेटी) भरून मोजली तरी वाळू कमीच पडते. पावसाळ्यात ज्या जिल्ह्यात जूनपासून सप्टेंबरपर्यंत ढीग वाळत नाहीत, तेथे हे न शिकवता चालेल असे आपल्याला खरोखर वाटते का?

साहित्याचीही हीच गत आहे. नदीच्या वाळूचा उपसा कमी झाल्यापासून आपल्याकडे बहुतेक कामे क्रश सँडवर, म्हणजे दगड फोडून केलेल्या वाळूवर चालतात, आणि ती टोपसारख्या गावांच्या खाणींतील काळ्या पाषाणापासून येते. दगड उत्तम आहे. त्याबद्दल तक्रार नाही. पण क्रशरमधून भुकटी किती येते आणि खडी चौकोनी निघते की पापडीसारखी चपटी, हे प्रत्येक गाडीला वेगळे असते. नैसर्गिक वाळूत ७५ मायक्रॉनच्या चाळणीतून जाणारा बारीक अंश वजनाने ३ टक्क्यांच्या वर नको, क्रश सँडमध्ये तो १५ टक्क्यांपर्यंत चालतो, असे आय. एस. ३८३ सांगते. भुकटी जास्त झाली की माल पाणी जास्त मागतो, आणि मग पुन्हा तीच बादली. वर्गात आम्हाला काचेच्या बरणीत वाळू आणि पाणी हलवून ठेवायला शिकवले होते. वाळू खाली बसते, गाळाचा थर वर दिसतो, आणि गाडी उतरवून घ्यायची की परत पाठवायची याचा पहिला अंदाज त्यावरून येतो. बरणीला खर्च येत नाही. ती धरणारा माणूस तयार करायला वर्ग लागतो.

आता महिलांविषयी, कारण परिपत्रकात त्यांचा उल्लेखही नाही. बांधकामावर स्लॅबला पाणी मारण्याचे काम बहुतेक ठिकाणी बायकांकडे असते. साध्या सिमेंटच्या काँक्रीटला किमान ७ दिवस आणि राखमिश्रित म्हणजे पीपीसी सिमेंटच्या काँक्रीटला किमान १० दिवस ओलावा राहिला पाहिजे, आणि उन्हाळ्यात तर ही मुदत वाढवणेच योग्य. दुकानात मिळणारी बरीचशी पोती आज पीपीसीची असतात. ज्या बाईवर त्या इमारतीच्या ताकदीचा एवढा मोठा भाग अवलंबून आहे, तिला सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा पाइप धर, एवढेच सांगितलेले असते. एप्रिलच्या उन्हात दुपारी स्लॅब पांढरा पडतो, आणि पांढरा पडला म्हणजे सिमेंटचे काम अर्ध्यावर थांबले हे तिला कोणी सांगत नाही. वाळूचे छोटे बांध घालून पाणी साठवून ठेवणे, कॉलमला बारदान गुंडाळून ते भिजत ठेवणे, या गोष्टी कठीण नाहीत. मला त्या का करायच्या हे कळले तेव्हा माझ्या कामाबद्दलची माझी भावनाच बदलली. आपण जे करतो त्याने घर पन्नास वर्षे टिकते, हे कळलेली बाई दुपारची सुट्टी सोडून पाणी मारायला जाते. मी अशा बायका पाहिल्या आहेत आणि त्या याच वर्गातून आलेल्या होत्या.

यानंतर प्रयोगशाळेचा मुद्दा येतो, आणि माझा सर्वांत तीव्र आक्षेप येथेच आहे. परिपत्रकात म्हटले आहे की चाचण्या बंद होणार नाहीत, एजन्सी शुल्क घेऊन अहवाल देईल, फक्त विद्यार्थ्यांना प्रवेश राहणार नाही. पण काँक्रीटच्या चाचणीचा अर्थ काय असतो याचा विचार व्हावा. १५० मिलिमीटरचा ठोकळा असतो. त्याची एक बाजू २२,५०० चौरस मिलिमीटर भरते, म्हणून एम-२० च्या ठोकळ्याने ४५० किलोन्यूटन, म्हणजे सुमारे ४६ टन भार सोसला पाहिजे. भार ठरावीक वेगाने वाढवायचा असतो. तसा वाढवला तर ठोकळा दीड मिनिटाच्या आसपास फुटतो, आणि घाई करून लीव्हर दाबला तर आकडा खोटाच वाढून येतो. ठोकळा ज्या बाजूने भरला ती खडबडीत बाजू वर न ठेवता साच्याला लागलेल्या गुळगुळीत बाजूंवर भार द्यायचा असतो. टाकीतून काढल्यावर तो ओला असतानाच तपासायचा असतो. नीट फुटलेला ठोकळा चारही बाजूंनी सारखा सुटतो आणि मध्ये कंबर उरते. एकाच कोपऱ्यातून चिरला तर भार सरळ बसला नव्हता असे समजायचे. यांतील एकही गोष्ट अहवालाच्या कागदावर दिसत नाही. कागदावर फक्त आकडा दिसतो.

आणि तो आकडा नेमका कशाचा असतो? जिल्ह्यातील साइटवर काम करणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असलेली गोष्ट मी स्पष्ट लिहिते : कित्येक ठिकाणी ठोकळ्यांसाठी वेगळा, जास्त सिमेंटचा माल कालवला जातो. काही ठिकाणी ठोकळे स्लॅबच्या दिवशी भरलेच जात नाहीत. काही ठोकळ्यांचे कोपरे तुटलेले आणि कडांना खडी उघडी पडलेली असते, कारण ते ठोकून भरलेले नसतात. आमच्या प्रयोगशाळेतले साहाय्यक असे ठोकळे हातात घेताच बाजूला ठेवत आणि आणणाऱ्याला तेथेच उभे करून तीन थरांत, प्रत्येक थराला किमान ३५ ठोके देऊन साचा कसा भरायचा ते दाखवत. शिकवणारी प्रयोगशाळा म्हणून तिला ते जमत होते. अहवालामागे पैसे घेणाऱ्या एजन्सीने ते करावे अशी सक्ती आपल्या परिपत्रकात कोठेही दिसत नाही. चुकीचा ठोकळा आणि बरोबर आकडा यांचा संयोग झाला की जो कागद तयार होतो, तो घरमालकाला निश्चिंत करतो, आणि चाचणी न करण्यापेक्षाही अशी चाचणी जास्त धोकादायक असते.

साध्या घराचे उदाहरण घेऊ. हजार चौरस फुटांचा, पाच इंच जाडीचा स्लॅब आणि त्याच्या बीम मिळून काँक्रीट १५ घनमीटरच्या आसपास जाते. मानकाप्रमाणे ६ ते १५ घनमीटरला २ नमुने घ्यायचे, प्रत्येक नमुन्याचे ३ ठोकळे. म्हणजे फक्त ६ ठोकळे. वैयक्तिक घरांच्या कामांवर हे ६ ठोकळे मी फार क्वचित पाहिले आहेत. त्यात खर्चाची अडचण नसते. ते भरायचे असतात हे माहीत असलेला कोणी माणूसच तेथे नसतो. पुढे शंका आलीच, तर स्लॅबला भोक पाडून कोअर, म्हणजे काँक्रीटचा गोल तुकडा काढावा लागतो, तो तपासावा लागतो, आणि निकाल वाईट आला तर करायचे काय, या प्रश्नाला घरमालकाला परवडेल असे उत्तर कोणाकडे नसते.

आता आपल्या तीन कारणांकडे येते. प्रवेश कमी झाले, हे खरे आहे. पण ते का कमी झाले, हे परिपत्रकात लिहिलेले नाही. हा वर्ग पूर्वी रविवारी सकाळी भरत असे. नंतर तो आठवड्यातील दोन दुपारींवर नेण्यात आला. रोजंदारीवरच्या माणसाने दोन दुपारी वर्गाला बसायचे म्हणजे दोन दिवसांचा रोजगार सोडायचा. ठेकेदार अर्ध्या दिवसाची हजेरी लावत नाही. त्याच सुमारास प्रवेश अर्ज फक्त ऑनलाइन आणि फक्त इंग्रजीत झाला, आणि शुल्कही वाढले. माझ्या साइटवरच्या ज्या मुलांना मी वर्गाला पाठवू पाहत होते, त्यांच्यापैकी काहींनी नेट कॅफेत जाऊन तो अर्ज उघडला आणि न भरता परत आले. विद्यार्थ्यांसाठी दार अरुंद करायचे आणि मग आत कोणी येत नाही म्हणून दार बंद करायचे, हे न्यायाला धरून नाही.

दुसरे कारण तयार काँक्रीटचे. प्लँटवर वजनाने मोजून, संगणकावर नोंद करून तयार झालेला माल साइटवरच्या मालापेक्षा चांगला असतो, हे मी मान्य करते आणि शक्य तेथे तोच मागवते. परंतु मंगळवार पेठ किंवा शिवाजी पेठेतल्या बोळांत ती मोठी गाडी शिरत नाही. पन्हाळा, शाहूवाडी, चंदगडच्या वाड्या-वस्त्यांपर्यंत ती जात नाही. आणि चार कॉलमच्या कामासाठी कोणी ती मागवत नाही. तेथे आजही मिक्सर आहे, फावडे आहे आणि फर्मा आहे. जेथे गाडी पोहोचते तेथेसुद्धा गाडीच्या पावतीवर माल भरण्याची वेळ वाचायची असते, स्लंप मोजायचा असतो, आणि वाटेत खोळंबून घट्ट झालेल्या मालात चालकाने साइटवर पाणी सोडू नये म्हणून कोणीतरी ठामपणे उभे राहायचे असते. ते कोणी करायचे?

तिसऱ्या कारणाचे उत्तर थोडक्यात देते. अभियंत्यांबद्दल मला आदर आहे, पण छोट्या घराच्या कामावर अभियंता सळई तपासायला येतो आणि जातो. स्लॅब मात्र सकाळी सुरू होऊन रात्रीपर्यंत चालतो. तेवढा वेळ तेथे आम्ही असतो. सळई साच्यापासून वर उचलून धरणारे कव्हर ब्लॉक कमी पडले की सळईखाली खडीचा तुकडा सरकवणारा हात आमचाच असतो, आणि स्लॅबला २० मिलिमीटर, कॉलमला ४० मिलिमीटर, पायाला ५० मिलिमीटर काँक्रीटचे आवरण सळईवर का हवे हे कळले तर तो तुकडा न सरकवणारा हातही आमचाच असेल.

हे आवरण आपल्या जिल्ह्यात किती महत्त्वाचे आहे हे मी वेगळे सांगायला नको. २००५, २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत चिखली, आंबेवाडी, शिरोळ तालुक्यातील गावे आणि शहराचे सखल भाग दिवसेंदिवस पाण्यात होते. सिमेंटला रासायनिक क्रियेसाठी जेवढे लागते त्याहून जास्तीचे पाणी वाळताना काँक्रीटमध्ये बारीक छिद्रे सोडून जाते. त्या छिद्रांतून पुन्हा पाणी आणि हवा आत शिरते, सळई गंजते, गंज फुगतो, आणि वरचे आवरण पापुद्र्यांनी सुटून पडते. पंचगंगेच्या काठच्या काळ्या मातीत पाया असलेल्या घरांत कॉलमच्या खालच्या दोन फुटांवर असे पापुद्रे मी स्वतः हाताने काढून पाहिले आहेत. मागे सळई तपकिरी आणि बारीक झालेली होती. पूर आला म्हणून घर खचले असे आपण म्हणतो. घर बांधताना पाणी किती घातले, हे पुरानंतर कोणीही विचारत नाही.

या सर्वाला धरून आमच्या मागण्या अशा आहेत. वर्ग बंद करण्याचा निर्णय मागे घ्यावा, आणि तो पुन्हा रविवारी सकाळी भरावा. बाकी सर्व मागण्या यानंतरच्या. अर्ज मराठीत आणि कागदावरही स्वीकारला जावा. शुल्क मजुराच्या एक-दोन दिवसांच्या रोजगारापेक्षा अधिक नसावे. आपल्याकडे कामाला येणाऱ्या मजुरांत सीमेपलीकडून आलेले पुष्कळ असल्यामुळे निदान प्रात्यक्षिकांच्या वेळी कन्नड बोलू शकणारा एक साहाय्यक असावा. ही मागणी काहींना विचित्र वाटेल, परंतु मिक्सरजवळ उभा असलेला माणूस ज्या भाषेत समजतो त्याच भाषेत त्याला पाण्याचे प्रमाण सांगावे लागेल.

प्रयोगशाळा संस्थेच्याच ताब्यात राहावी. एजन्सीशी करार झालेलाच असेल, तर आठवड्यातील एक दिवस विद्यार्थ्यांसाठी राखून ठेवण्याची आणि चुकीच्या पद्धतीने भरलेले ठोकळे कारण लिहून परत करण्याची अट त्या करारात घालावी. स्वतःच्या घराचे ठोकळे आणणाऱ्या प्रत्येकाला ते फुटताना समोर उभे राहून पाहण्याचा हक्क असावा, आणि हा हक्क दारावर मराठीत लिहिलेला असावा. फुटल्यानंतरचे तुकडे लगेच फेकून न देता अहवाल हाती पडेपर्यंत तरी ठेवले जावेत.

पैशांचा प्रश्न येईल, तो टाळायचा नाही. १९९६ च्या कायद्याने बांधकाम खर्चावर सुरू झालेला उपकर बांधकाम कामगारांच्या कल्याणासाठीच असतो. कामगाराला त्याचे काम शिकवणे हे कल्याणाच्या व्याख्येबाहेर आहे असे मला वाटत नाही. संस्थेने या निधीतून वर्गासाठी साहाय्य मिळावे असा रीतसर प्रस्ताव तयार करून पाठवावा. तो लिहायला, कामगारांच्या सह्या गोळा करायला आणि कार्यालयांत पाठपुरावा करायला आम्ही माजी विद्यार्थी विनामोबदला येऊ. शहरातील आर्किटेक्ट, अभियंते आणि बांधकाम व्यावसायिक यांनाही माझी विनंती आहे की त्यांनी आपल्या साइटवरचा निदान एक माणूस या वर्गाला पाठवण्याची तयारी संस्थेला लेखी कळवावी, म्हणजे प्रवेशांच्या संख्येचा प्रश्न तेथेच सुटेल.

आपण या पत्राचे उत्तर जूनमधील प्रवेश सुरू होण्यापूर्वी लेखी द्यावे आणि ते त्याच सूचना फलकावर लावावे. त्याआधी प्रत्यक्ष चर्चा करायची असल्यास आपण सांगाल त्या दिवशी, मात्र सायंकाळी सहानंतर, साइट सुटल्यावर आम्ही येऊ. प्रयोगशाळेतील यंत्राची आणि टाकीची जागा बदलण्याचे काम तोपर्यंत थांबवावे.

आपली,
या वर्गाची एक माजी विद्यार्थिनी
साइट सुपरवायझर, कोल्हापूर